जुन्या ट्रेलरची केबिन झोपण्याजोगी कशी करावी: गोव्यातल्या नव्या गाडीमालकांसाठी

१ ऑक्टोबर २०२५ पासून कारखान्यात बनणाऱ्या, साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांच्या केबिनला एसी बंधनकारक झाला आहे. चांगलं झालं. पण आपल्याकडे नवी गाडी घेतो कोण? २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, २०१८ मध्ये पुन्हा पडल्या. उसगाव, डिचोली, सावर्डे भागातल्या माझ्या ओळखीच्या काही टिपरवाल्यांनी तेव्हा टिपर काढून टाकले आणि दुसऱ्या हाताचा ट्रेलर घेऊन लांब पल्ल्याची भाडी धरली. धंदा तोच, चाकांचाच, पण दिवस बदलले. टिपरवाला जेटीवर खेपा मारून रात्री घरी जेवायला यायचा. ट्रेलरवाल्याच्या लागोपाठ तीन-चार रात्री केबिनमध्येच जातात. त्यामुळे टिपर चालवताना ज्या गोष्टींकडे कधी पाहिलंच नाही, त्या आता पाहाव्या लागतात.

नवा मालक पहिला फोन एसीवाल्याला करतो. माझं म्हणणं असं की तो फोन सगळ्यात शेवटी करा. आधी पाणी थांबवा, मग उष्णता आणि आवाज. त्यानंतर बसणं-झोपणं, मग वीज, आणि सगळ्यात शेवटी गारवा. हा क्रम उलटा केला की दोनदा खर्च होतो, कारण एसी लागल्यावर केबिनचा पत्रा पुन्हा उघडायला कुणी तयार होत नाही.

१. पत्र्याला हात लावण्याआधी कागद

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. सोप्या भाषेत सांगायचं तर आरसीवर लिहिलेलं आणि प्रत्यक्ष गाडीत दिसणारं जुळलं पाहिजे. गादी, कुशन, जमिनीचं रबर, आतलं अस्तर, पंखा, दिवा यांनी आरसीवरची कुठलीच नोंद बदलत नाही. केबिन मागे वाढवणं, छत उंच करणं, सीटांची संख्या बदलणं ही मात्र वेगळी गोष्ट. त्यासाठी आधी वाहतूक खात्याची परवानगी, नंतर काम. अर्ज परिवहन पोर्टलवर 'अल्टरेशन' या सेवेखाली होतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफाराला मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

झोपायची जागा वाढवायला केबिनची पाठ फूटभर मागे सरकवून देतो, असं सांगणारे कारागीर भेटतील. कायदा बाजूला ठेवला तरी त्यांचं ऐकू नका. मागे जोडलेला ट्रेलर वळतो तेव्हा त्याचा पुढचा कोपरा केबिनच्या पाठीजवळून फिरतो. सपाट रस्त्यावर जागा पुरते, पण अनमोड घाटाच्या वळणावर, चढ आणि वळण एकदम आलं की तोच कोपरा केबिनला भिडतो. मागची ती मोकळी जागा कारखान्याने मोजून ठेवलेली असते.

हे कागद एका फाईलमध्ये घालून ठेवा:

– आरसी, फिटनेस, परमिट, पीयूसी, विमा पॉलिसी
– गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं किंवा फायनान्सवाल्याचं लेखी संमतीपत्र
– कामाआधीचे फोटो: चारी बाजू, केबिनची आतली बाजू, चॅसी नंबरची जागा
– प्रत्येक वस्तूचं जीएसटी बिल

विमा कंपनीला एसी, बॅटरी बँक अशा नव्या विजेच्या वस्तू लेखी कळवा. पॉलिसीत आयएमटी २४ हे कलम जोडून घेता येतं, थोडा जादा हप्ता पडतो. ते नसेल तर आग लागल्यावर मूळ गाडीचे पैसे मिळतील, एसीचे मिळणार नाहीत. बिलाशिवाय तर बोलायलाच नको.

आठ वर्षांवरच्या गाडीचं फिटनेस दरवर्षी होतं, हे दुसऱ्या हाताची गाडी घेणाऱ्याच्या डोक्यातून निसटतं. म्हणजे तुमचं काम दरवर्षी कुणीतरी तपासणार. अस्तर लावताना चॅसी नंबर किंवा कारखान्याची पाटी झाकली, असे प्रकार होतात, आणि मग तपासणीच्या दिवशी नवं कोरं अस्तर फाडावं लागतं.

२. पाणी कुठून येतं ते शोधा

गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. जुन्या केबिनला त्याची वाट कुठून तरी सापडलेली असतेच. म्हणून हे काम पावसाळ्यात काढू नका. दसऱ्यानंतर गाडी उभी करा आणि शिगम्याच्या आत संपवा. ओल्या हवेत प्रायमर धड सुकत नाही आणि अस्तराखाली अडकलेली वाफ वर्षभर आतून पत्रा खात राहते.

पहिल्या दिवशी केबिनमधलं सगळं बाहेर काढा: सीट, गादी, रबर मॅट, जुना स्पंज. क्लचच्या पायाखालचा कोपरा नीट पाहा. तिथला रंग फुगलेला असेल तर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवून दाबा. टक्क आवाज आला तर पत्रा आहे. टोक आत गेलं तर तिथे पत्रा नाही, नुसता रंग आणि मातीची पपडी आहे.

मग पाण्याची परीक्षा. एक जण टॉर्च घेऊन आत बसतो, दुसरा बाहेरून नळी धरतो. खालून सुरुवात करायची आणि वर जायचं: आधी दाराची खालची कड, मग पुढच्या काचेचं रबर, मग छताच्या कडेची पन्हळ. एकेका जागी पाच मिनिटं थांबा. घाईने वरून पाणी सोडलं तर ते सगळीकडून गळतं आणि मूळ भोक कुठलं ते कळत नाही. आतल्या माणसाने खडूने खूण करत जावं.

खाणीवर चाललेल्या गाडीची एक खास खोड असते. लाल धूळ पन्हळीत आणि दारांच्या खालच्या भोकांत बसून सिमेंटसारखी घट्ट होते. ही भोकं पाणी बाहेर जावं म्हणून ठेवलेली असतात. ती बुजली की दारात पाणी साचतं आणि दार आतून कुजतं. तारेने भोकं मोकळी करा. आणि रंगाऱ्याला बजावून सांगा, कारण सफाईदार दिसावं म्हणून तो ती पुट्टीने बुजवतो.

काचेचं रबर कडक झालं असेल तर बदलाच, वरून सिलिकॉन फासू नका. सिलिकॉनमागे पाणी शिरलं की बाहेर पडत नाही. गंज तारेच्या ब्रशने खरवडून, गंजरोधक द्रावण लावून, पूर्ण सुकल्यावर इपॉक्सी प्रायमर. भोक पडलेल्या जागी नवा पत्रा जोडून घ्या, फायबरचं ठिगळ जमिनीला चालत नाही. वेल्डिंगच्या वेळी बॅटरीची दोन्ही टोकं काढलेली हवीत. इलेक्ट्रॉनिक इंजिन असेल तर कंट्रोल युनिटचे प्लगही काढायला सांगा. वास्को बंदराकडे फेऱ्या असतील तर पोकळ भागांत मेणाचा फवारा मारून घ्यावा, खारी हवा तिथेच आधी शिरते.

३. उष्णता आणि आवाज: जिथून येतात तिथेच अडवा

आपल्या बहुतेक जुन्या गाड्यांत इंजिन केबिनच्या पोटात किंवा अगदी तिच्याखाली असतं. ड्रायव्हरचा डावा पाय भाजतो तो उन्हाने नव्हे.

तीन जागा पाहा. इंजिनावरच्या झाकणाच्या कडेचं रबर चपटं झालेलं असतं, ते नवं घाला. गिअरच्या दांड्याचा रबरी बूट फाटलेला असतो, तिथून गरम हवा आणि डिझेलचा वास दोन्ही वर येतात. आणि पेडल, वायरी, पाइप जिथून जमिनीतून आत येतात तिथली भोकं, त्यांना रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारी रबराची कडी, बसवा. या तिन्ही कामांचं सामान एका पिशवीत मावतं, आणि फरक पहिल्याच खेपेला कळतो.

त्याआधी सायलेन्सरची गळती तपासून घ्या. मॅनिफोल्डच्या गॅस्केटजवळ काजळी दिसली तर ते काम आधी. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि झोपलेला माणूस त्याने जागा होत नाही. इंजिन चालू ठेवून बंद केबिनमध्ये झोपू नये, केबिनमध्ये गॅसची शेगडी पेटवू नये. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो, तो बिछान्याच्या उशाशी लावा.

अस्तराचे थर असे. झाकणाच्या खालच्या बाजूला, म्हणजे इंजिनाकडे, अॅल्युमिनियमचा मुलामा असलेली ग्लासवूल किंवा सिरॅमिक फायबरची चादर, आणि ती नुसती चिकटवून न थांबता पत्र्याच्या पट्ट्यांनी पक्की केलेली. सुटून पंख्यात किंवा टर्बोवर पडली तर रस्त्यातच आग. जमीन, दारं आणि मागची भिंत यांना आधी ब्यूटाइलची जड शीट. ती सगळीकडे लावायची गरज नाही. पत्र्यावर टिचकी मारा, जिथे डब्यासारखा आवाज येतो तिथे लावा. तिच्यावर बंद पेशींचा फोम, नायट्राइल रबराचा किंवा एक्सएलपीईचा. साधा स्पंज आणि काथ्याचं जुनं कुशन इथे नको, दोन्ही पाणी पितात. थर्माकोल तर अजिबात नको. तो वितळतो आणि पेटतो. वरचं रेक्झिन आणि कापड घेताना आयएस १५०६१ ला उतरणारं मागा, गाडीच्या आतल्या साहित्याच्या ज्वलनशीलतेचं मानक तेच. दुकानदाराने भुवया उंचावल्या तर दुसरं दुकान बघा.

छताला बाहेरून पांढरा रंग द्या. यापेक्षा स्वस्त गारवा नाही. वर कॅरियर असेल तर ताडपत्रीची घडी त्यावर बांधा, पण छत आणि ताडपत्री यांत चार बोटं हवा खेळती राहू द्या.

काचांना काळी फिल्म लावण्याचा मोह होईल. पुढच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत यायलाच हवा, असा नियम आहे. झोपायच्या जागेला जाड पडदा लावा, तो गाडी चालवताना बांधून ठेवता येतो.

४. केबिनचे बुश आणि सीट

महागड्या सीटआधी केबिनच्या चार माउंटिंगचे रबरी बुश बघा. जुन्या गाडीत ते सुकून दगड झालेले असतात आणि रस्त्यातला प्रत्येक खड्डा सरळ कण्यात जातो. बुश बदलले की डॅशबोर्डची खडखडही निम्मी होते. शॉकअॅब्सॉर्बर असतील तर तेही त्याच वेळी.

सीटमध्ये दोन पर्याय. स्प्रिंगची सस्पेन्शन सीट साधी, कमी बिघडणारी. हवेवरची सीट जास्त आरामाची, पण तिला हवा लागते आणि ती हवा ब्रेकच्या टाकीतून घ्यायची नाही. चार सर्किटच्या प्रोटेक्शन व्हॉल्व्हनंतर जादा उपकरणांसाठी जी लाइन असते, तिथूनच जोडणी हवी, म्हणजे सीटचा पाइप फुटला तरी ब्रेक शाबूत राहतात. जोडून झाल्यावर इंजिन बंद करून रात्रभर गेज पाहा. दाब उतरला तर जोडणी पुन्हा उघडा.

नवी सीट जुन्यापेक्षा उंच असू शकते. विकत घेण्याआधी ड्रायव्हरला बसवून डोकं आणि छत यांतलं अंतर मोजा. सीटचे बोल्ट ८.८ किंवा १०.९ ग्रेडचे आणि खाली जाड पत्र्याची प्लेट. बेल्टचा आंकडा मूळ जागेवरून हलवायचा नाही.

५. बिछाना

इथे लोक कंजुषी करतात, आणि मग कंबरेला पट्टा बांधून फिरतात.

खालची फळी घेताना आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लाय घ्या. साधा कमर्शियल प्लाय आपल्या हवेत दोन पावसाळ्यांत फुगतो. सलग फळीऐवजी दोन-दोन बोटं अंतर सोडून पट्ट्या मारल्या तर जास्त चांगलं. माणसाच्या घामाची वाफ गादीतून खाली उतरते, सलग फळीवर ती अडते आणि श्रावण येईपर्यंत गादीच्या पोटाला काळी बुरशी धरते. पट्ट्यांखाली सामानाचे कप्पे केले तर त्यांच्या दारांनाही भोकं ठेवा.

गादी चार इंचांची, घट्ट फोमची, ४० च्या आसपास घनतेची. काथ्याची गादी वर दोन इंच फोम लावून घेतली तर आपल्या दमट हवेत मला ती अधिक पटते, कारण ती श्वास घेते. खोळ सुती, चेन लावलेली, धुता येणारी. कुशनवाला रेक्झिनचाच आग्रह धरेल, पुसायला सोपं म्हणून. त्याला सांगा, सीटला लाव बाबा, बिछान्याला नको. एप्रिलमध्ये रेक्झिनवर उघड्या पाठीने एक रात्र काढा, मग पटेल.

लांबी ड्रायव्हरच्या उंचीपेक्षा थोडी जास्त हवी. जिथे केबिन कमी पडते तिथे पायाकडचा कप्पा खाली दाबून दोन-चार इंच मिळतात. झोपेत घरंगळू नये म्हणून कडेला आडवा पट्टा हवा. चालत्या गाडीत क्लीनर झोपणार असेल तर तो हवाच.

दोन्ही खिडक्यांना आणि छतावरच्या झडपेला वेलक्रोने लागणारी मच्छरदाणीची जाळी शिवून घ्या. ट्रक टर्मिनलवर गटाराच्या कडेलाच जागा मिळते, आणि जाळी नसेल तर लोक काचा बंद करून घामात झोपतात.

६. वीज

इथली आग मी इतरांच्या गाड्यांत पाहिली आहे, म्हणून जरा सविस्तर.

ट्रकची वीज २४ व्होल्टची, १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या. म्युझिक सिस्टिम, चार्जर, पंखा १२ व्होल्टचे मिळतात म्हणून वायरिंगवाला एकाच बॅटरीवरून जोडणी देतो. गाडी चालते, गाणीही वाजतात. पण ती एक बॅटरी रोज थोडी जास्त रिकामी होते, अल्टरनेटर दोघींना सारखाच भरतो, आणि दुसरी जास्त भरून उकळते. काही महिन्यांत दोन्ही जातात. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर घ्या, किंवा वस्तूच २४ व्होल्टच्या घ्या.

हिशेब कागदावर मांडा. २० वॉटचा पंखा आठ तास चालला तर १६० वॉट-तास. एलईडी दिवा आणि दोन मोबाइल धरून रात्रीचे अडीचशे वॉट-तास होतील. १५० अँपिअर-अवरच्या जोडीत ३,६०० असतात. त्यातले निम्मेच वापरावे, तरीही पंख्याला ती सहज पुरते. इथवर जादा बॅटरीची गरजच नाही. हा हिशेब एसी आला की कोसळतो, ते पुढे.

नव्या लाइनला बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरावर फ्यूज. फ्यूज वायरला वाचवतो, वस्तूला नव्हे, त्यामुळे केबिनमध्ये उपकरणाजवळ लावला तर बॅटरी ते केबिन ही लांब वायर उघडीच राहते. वायर तांब्याची, प्रत्येक पत्र्याच्या भोकात ग्रोमेट, आणि इंजिनाजवळ उष्णता सहन करणारी नळी. नुसत्या चिकटपट्टीच्या गाठी नकोत, जोड क्रिम्प करून, म्हणजे धातूच्या टोपीत दाबून पक्के करून घ्या. बॅटरीजवळ एक मुख्य कट-ऑफ स्विचही बसवा.

७. आता एसी

इंजिनावर चालणारा एसी गाडी चालताना उत्तम, उभी असताना निरुपयोगी. रात्रभर इंजिन चालू ठेवायचं नाही हे वर आलंच. त्यात कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, रेडिएटरच्या पुढे बसवला तर जुन्या इंजिनाला घाट चढताना त्रास होतो. भरल्या ट्रेलरने अनमोड चढताना तापमानाचा काटा वर सरकत असेल तर कंडेन्सर स्वतःच्या पंख्यांसह छतावर किंवा केबिनच्या पाठीवर घ्या.

पार्किंग एसी २४ व्होल्टवर, गाडी बंद असताना चालतो. पण सरासरी ६०० वॉट ओढणारा एसी वरच्या १,८०० वापरण्याजोग्या वॉट-तासांत तीन तास टिकेल, आणि त्यापुढे चालवला तर सकाळी स्टार्टर फिरणार नाही. म्हणून एसीसाठी वेगळी बॅटरी जोडी आणि दोन्ही जोड्यांच्या मध्ये आयसोलेटर, म्हणजे एसीने गाडीची मूळ जोडी रिकामी होऊ न देणारा स्विच. ही नवी जोडी भरायला अल्टरनेटर पुरेसा हवा, त्याच्या पाटीवरचे अँपिअर वाचा. विक्रेता 'रात्रभर चालतो' म्हणाला की विचारा: किती अँपिअरवर, कुठल्या बॅटरीवर, बाहेर किती तापमान असताना? व्होल्टेज घसरल्यावर आपोआप बंद होण्याची सोय नसलेला एसी घेऊ नका. ४० अँपिअर ओढणाऱ्या यंत्राला चार मीटरवर १० चौरस मिलिमीटरची वायर लागते. पातळ वायर तापते आणि एसी अर्ध्या रात्रीत व्होल्टेज कमी म्हणून बंद पडतो, बॅटरी भरलेली असूनही.

छतावरचं यंत्र तीसेक किलोचं असतं. नुसत्या पत्र्यावर ते बसवलं तर पत्रा थरथरून फाटतो आणि दुसऱ्या टप्प्यात थांबवलेलं पाणी पुन्हा आत येतं. आतून चौकट, वरून गॅस्केट. केबिन पुढे कलणारी असेल तर कलवून पाहा, जॅकला वजन पेलतं का. वाढलेली उंची मोजून डॅशबोर्डवर लिहून ठेवा, गावांतल्या तारा आणि माडांच्या झावळ्या त्यापेक्षा खाली येतात.

८. गॅरेजमधून गाडी ताब्यात घेताना

नळीची परीक्षा पुन्हा करा, तशीच खालून वर. पंखा, दिवे, एसी सगळं एकदम चालू करून अर्ध्या तासाने प्रत्येक वायरीवरून आणि फ्यूजवरून हात फिरवा, गरम लागेल तो जोड उघडायला लावा. सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी बॅटरी जोडीचा व्होल्टेज मोजा: २५.४ च्या आसपास असेल तर भरलेली, २४.४ ला निम्मी. मग पहिली रात्र घराजवळ, फोंड्यात किंवा मडगावात, गाडीतच झोपून काढा. मालकाने स्वतः झोपावं, ड्रायव्हरला पाठवू नये. तो संकोचाने 'ठीक आहे' म्हणतो. आणि कुशनवाल्याचे शेवटचे पैसे त्यानंतर द्या.